कुवेतला नेलेला नारळ

ही हकिगत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. आधी म्हणायचो, नोकरीत आहोत, कंपनीच्या गोष्टी बाहेर बोलू नयेत. निवृत्त झाल्यावर म्हणालो, आता जुनं कशाला उकरायचं. मग गुडघे दुखू लागले, मग मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग बायकोचं आजारपण. कारणांना तोटा नव्हता. गेल्या मार्चमध्ये चार दिवस कुवेतला जाऊन आलो तेव्हा शेजारीपाजारी विचारू लागले, काय काय पाहिलंत. मी त्यांना समुद्र सांगितला, मनोरे सांगितले, तंदूरमधून निघणारी ताटाएवढी रोटी सांगितली. त्यात खोटं काही नव्हतं. पण ज्यासाठी गेलो होतो, ते कोणालाच सांगितलं नाही. ते इथे सांगतो.

त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. मी एका इंग्रज कंपनीच्या मुंबई ऑफिसात नोकरी केली. तेलाच्या कारखान्यांमधले पंप आणि झडपा दुरुस्त करणारी कंपनी. मुख्य ऑफिस इंग्लंडात, वर्कशॉप युरोपातल्या चार-पाच देशांत, आणि एक कुवेतला. कुवेतच्या वर्कशॉपसाठी फिटर, वेल्डर, स्टोअरकीपर निवडून पाठवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी स्वतः रत्नागिरीकडचा असल्यामुळे त्यातली निम्मी माणसं आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवरची होती. आमच्या काठावर हिंदू वस्ती, समोरच्या काठावर मुसलमानांची. मधे होडी चालायची, तिला आम्ही तर म्हणतो. दाऊदभाई समोरच्या काठाचे, कुवेतच्या वर्कशॉपात स्टोअरकीपर.

युरोपात एक नियम आहे. कंपनीची माणसं एकाहून जास्त देशांत कामाला असतील, तर मोठा निर्णय घेण्याआधी सगळ्या देशांतल्या कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बोलवायचे, त्यांना तो निर्णय सांगायचा आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. मान्य करायचं बंधन नाही. पण आधी सांगायचं बंधन आहे. आमच्या कंपनीत अशी समिती होती, इंग्लंडच्या कायद्याखाली नेमलेली. कुवेत काही युरोपात नाही, त्यामुळे कुवेतच्या कामगारांना त्या समितीत हक्काची जागा नव्हती. पण समितीचा करार लिहिला गेला तेव्हा कोणा भल्या माणसाने त्यात एक कलम घातलं होतं, की युरोपाबाहेरच्या वर्कशॉपचा एक माणूस पाहुणा म्हणून बसेल. मत नाही, पण खुर्ची आहे. त्या खुर्चीवर दाऊदभाई बसायचे आणि त्यांच्या शेजारी दुभाषा म्हणून मी. वर्षातून एकदा आम्ही दोघं इंग्लंडला जायचो. ते टेबलाच्या टोकाला बसून सगळं ऐकायचे, आणि परत आल्यावर कुवेतमधल्या फरवानिया वस्तीत दर शुक्रवारी एका खोलीत जमणाऱ्या दोन्ही काठांच्या माणसांना सांगायचे.

ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि प्रश्न आला, ही समिती आता कोणत्या देशाची? कंपनीने कागदोपत्री ती आयर्लंडला नेली, नवा करार केला, आणि नव्या करारात पाहुण्याची खुर्ची घातली नाही. पण जुन्या समितीचं काय, हे स्पष्ट नव्हतं. इंग्लंडच्या वकिलाने व्हिडिओ मीटिंगमध्ये साध्या शब्दांत सांगितलं, की जुनी समिती इथल्या कायद्याखाली अजून जिवंत आहे असं धरून चाला. आमचे साहेब म्हणाले, दोन दोन समित्या कोण सांभाळणार, कुवेतला तर कळवूही नका. त्यावर मी म्हणालो, दाऊदशी मी बोलतो, माझं ऐकतील ते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच पुढे झालो.

मग फोन केला. मराठीत. म्हणालो, दाऊदभाई, ती समितीच आता राहिली नाही, कायद्यानेच गेली. ते म्हणाले, बरा, तुमी सांगताव म्हणजे तसाच असल. आणि त्या शुक्रवारी त्यांनी हेच सगळ्यांना सांगितलं.

पुढे काय झालं ते मला फार उशिरा कळलं. माझा पुतण्या महेश फरवानियात राहतो, त्याने एकदा फोनवर सहज सांगितलं. कुवेतचं वर्कशॉप बंद झालं. कामगारांना कळलं तेव्हा दुसरा कफील, म्हणजे परवान्याला जामीन राहणारा मालक, शोधायलाही वेळ उरला नव्हता. तिथे राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, कफिलाच्या नावावर असतो. मालक गेला की परवाना गेला. बरीच माणसं गावी परतली. मग कोणाच्या तरी इंग्लंडमधल्या नातलगाने कळवलं, की वर्कशॉप बंद करण्याची चर्चा समितीच्या बैठकीत महिनोन्‌महिने आधीच झाली होती. म्हणजे समिती होती. आणि दाऊद तर म्हणाला होता, समिती नाही. त्यात दाऊदभाईंनी पाठदुखीमुळे आपला इकामा थोडे दिवस आधीच कुवेतमधल्याच जहरा गावच्या एका दुकानदाराकडे बदलून घेतला होता. लोकांनी दोनात दोन मिळवले आणि ठरवलं, दाऊदची साहेबांत ऊठबस होती, त्याला माहीत होतं, स्वतःपुरतं बघितलं आणि आमच्याशी खोटं बोलला.

तेव्हापासून शुक्रवारच्या बैठकीचा सांगावा दाऊदभाईंना जात नव्हता.

फरवानिया, बुधवार

कुवेतला उतरल्यावर पहिला प्रश्न आला तो नारळाचा. हातातल्या बॅगेत नारळ चालत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातला होता. यंत्रात तो गोल गोळा दिसल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, आतल्या पाण्याचा आवाज ऐकून हसला, आणि शेजारच्यालाही हलवून दाखवला. मग मला विचारलं, मेडिसिन? मी म्हणालो, हो. एका अर्थी तो औषधच होता.

हा नारळ आमच्या परसातल्या झाडाचा. तो का नेला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावकीत एक रीत आहे. कोणाच्या हातून गावाची किंवा गावातल्या माणसाची चूक झाली, तर त्याने बैठकीपुढे एक नारळ ठेवायचा आणि उभ्याने एका वाक्यात सांगायचं, काय केलं. का केलं ते सांगायचं नाही. का ते सांगायला तोंड उघडलं, की म्हातारी माणसं हात वर करून थांबवतात. बस म्हटल्यावर बसायचं. मग तो नारळ तिथेच फोडून वाटला जातो आणि ती गोष्ट पुन्हा कोणी काढत नाही. पलीकडच्या काठाची माणसंही ही रीत ओळखतात. त्यांच्याकडे जमात आहे, नारळ नाही. पण दोन काठांच्या बांधाबंधाऱ्याचे तंटे आमच्या बैठकीत मिटायचे, तेव्हा तिकडचीही माणसं तिथे असायची.

दुसरी एक रीत दोन्ही काठांना आहे. बैठक असली की प्रत्येक घराला सांगावा गेला पाहिजे. एखाद्या घराला सांगावा गेला नाही, तर त्या घराने समजायचं ते समजतं. तोंडाने कोणी काही बोलत नाही.

महेशचं घर दोन खोल्यांचं, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण चालू नव्हती. खाली पैसे पाठवायच्या दुकानांची रांग, मल्याळी हॉटेल, न्हाव्याचं दुकान, आणि बस थांबली की तिच्यातून उतरणारी माणसंच माणसं. महेशच्या बायकोने जुबैदीचं तिखलं केलं होतं. आपलं पापलेट, तिथे त्याला जुबैदी म्हणतात. चव आपलीच, पण मासा थोडा जाड. महेशची मुलगी नववीत आहे. मी मराठीत काही विचारलं की समजायचं तिला, उत्तर इंग्रजीत यायचं. तिने विचारलं, आजोबा, तुम्ही इथे फिरायला आलात का? तेही इंग्रजीतच. मी मराठीत हो म्हणालो.

महेशने नारळ पाहिला होता. त्याला त्याचा अर्थ बहुधा कळला. तो फक्त एवढंच म्हणाला, की काका, बैठक शुक्रवारी आहे, जुम्म्याची नमाज झाल्यावर, तुमच्या वर्कशॉपातल्या युसुफभाईंच्या खोलीवर. त्यांना मी सांगून ठेवतो तुम्ही येणार म्हणून.

जहरा, गुरुवार

बेत असा होता, की आधी जहराला जाऊन दाऊदभाईंना भेटायचं, त्यांना शुक्रवारी सोबत यायला राजी करायचं, आणि बैठकीत त्यांच्या देखत नारळ ठेवायचा. नारळ घरी ठेवून गेलो असतो तरी चाललं असतं. पण महेशच्या छोट्या स्वयंपाकघरात तो कोणी चुकून फोडेल, या भीतीने पिशवीत घालून सोबत नेला.

त्या दिवशी धूळ उठली होती. तोझ म्हणतात तिला. आकाश नाचणीच्या भाकरीच्या रंगाचं झालं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सपाट जमीन त्यात विरून गेली होती. कोकणातल्या माणसाला एवढी सपाटी सोसत नाही. डोळा कुठेतरी टेकायला डोंगर शोधतो. लांबवर एक पुसटशी कडा दिसली, तर बसमधला शेजारी म्हणाला, ती मुतला नावाची टेकडी. त्या कडेवर नजर ठेवून बसलो. उतरताना माझा चष्मा धुळीने इतका भरला होता, की समोर उभे असलेले दाऊदभाई मी ओळखलेच नाहीत. त्यांनीच हाक मारली. "साळवीसाहेब, हय, हय बघा."

वाळले होते. दाढी पूर्ण पांढरी. पण हात तसाच, स्टोअरकीपरचा, प्रत्येक वस्तू तोलून धरणारा. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, तीही तोलली, आणि आत डोकावले.

"घरचा?"

मी हो म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलायला मला सुचलंच नाही. परदेशात कोकणी माणूस घरचा नारळ घेऊन भेटायला आला, तर तो भेट म्हणूनच आणतो. दुसरा कुठला अर्थ कोणी का लावावा? मी चष्मा पुसत दारात उभा होतो तोवर ते आत गेले, आणि मला आतून नारळ फुटल्याचा आवाज ऐकू आला.

दाऊदभाई एकटेच राहतात. कुटुंब गावी. खोली दुकानाच्या मागे, स्वच्छ, एका कोपऱ्यात चूल. त्यांनी बोयट मासे आणून ठेवले होते. बोयट म्हणजे तसा खाडीचाच मासा, म्हणून मुद्दाम आणला असावा. बसल्या बसल्या माझ्यासमोर त्यांनी नारळ खवला. पाणी पेल्यात ओतून मला दिलं. मी ते प्यायलो. गोड होतं. सांगणार होतो मी. खवणीवर पहिली भकल संपली तेव्हा सांगणार होतो, मग दुसरी संपली तेव्हा. नारळ नसला तरी तोंड होतंच की. पण ते गावच्या बातम्या विचारत होते. खाडीतली तर बंद पडली हे खरं काय, पूल झाला काय, अमक्याची आई गेली तेव्हा पाऊस होता काय. जे लोक त्यांना सांगावा पाठवत नव्हते, त्यांच्याच घरांची त्यांनी एकेक करून चौकशी केली. युसुफभाईंच्या मुलीचं लग्न झालं, दोन्ही काठांना आमंत्रण होतं, तेही मला त्यांच्याकडूनच कळलं. आमंत्रण त्यांच्या घराला नव्हतं. ते म्हणाले, "पोरगी बऱ्या घरी पडली ना? झाला मग."

जेवण झाल्यावर ते मला मालकाच्या दिवाणियात घेऊन गेले. मालक कुवेती, वयस्कर, अबू फहद म्हणतात त्याला. दिवाणिया म्हणजे घराच्या पुढल्या बाजूची मोठी बैठक, भिंतीलगत गाद्या, मधे मोकळी जागा. कोणीही यावं, बसावं, बोलावं. हिरवट कॉफी छोट्या कपात फिरते आणि कप हलवून परत दिला नाही तर पुन्हा भरली जाते. हे माहीत नसल्यामुळे मी पाच-सहा कप प्यायलो आणि सगळे कौतुकाने बघत राहिले. शेवटी दाऊदभाईंनी माझं मनगट धरून कप हलवला.

त्या दिवशी तिथे दुकान हलवायची गोष्ट निघाली होती. नव्या वस्तीत मोठी जागा मिळत होती. अबू फहदने दुकानातल्या प्रत्येकाला विचारलं, बंगाली हमालापासून दाऊदभाईंपर्यंत. जागा लांब पडेल का, बस मिळते का, नको असेल तर आत्ताच सांगा. दाऊदभाई मला हळू आवाजात सांगत होते, कोण काय म्हणतो ते. मला एकदम जाणवलं, की इंग्लंडच्या त्या टेबलाशी मी त्यांना असंच सांगायचो. इथे कलम नव्हतं, करार नव्हता, कोणत्या देशाचा कायदा लागू हा प्रश्न नव्हता. अबू फहदने विचारलं नसतं तरी त्याला कोणी कोर्टात खेचलं नसतं. तरी त्याने विचारलं. आणि आमच्याकडे वकील सांगत होता की विचारा, तरी आम्ही विचारलं नाही. मात्र मला इथे कुवेतचे गोडवेही गायचे नाहीत. ज्याचा इकामा मालकाच्या हातात, तो मालकाला नको कसं म्हणणार? हमाल प्रत्येक प्रश्नाला हो म्हणाला. तरीसुद्धा त्याला विचारलं गेलं होतं, आणि तो सरळ बसून हो म्हणाला.

निघताना मी दाऊदभाईंना म्हणालो, उद्या युसुफभाईंकडे माझ्याबरोबर चला. ते म्हणाले, मना सांगावा नाय. मी म्हणालो, मी सांगावा घेऊन आलोय असं समजा. त्यांनी बराच वेळ बसच्या दिशेने पाहिलं, जणू बस आली तर उत्तर द्यायची गरज पडणार नाही. मग म्हणाले, येतो.

फरवानिया, शुक्रवार

सकाळी मी महेशच्या इमारतीखालच्या किराणा दुकानात गेलो. तिथे नारळ होते, श्रीलंकेहून आलेले, जाळीच्या पिशवीत. एक हातात घेतला, हलवला. पाणी होतं. मग परत ठेवला. स्वतःशी म्हणालो, विकतचा नारळ ठेवायचा नसतो, घरचाच हवा. गावकीत असं कुठेही ठरलेलं नाही. ज्यांच्याकडे झाड नाही ती माणसं विकतचाच ठेवतात. हे मला त्याही क्षणी माहीत होतं.

युसुफभाईंची खोली आम्हा सगळ्यांना जेमतेम पुरत होती. आमच्या काठाची काही माणसं, त्यांच्या काठाची बरीच. चहा, खारी बिस्किटं, आणि एका मोठ्या ताटात कोणी आणलेली सांदणं. दाऊदभाई माझ्यामागून आत आले तेव्हा बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं, पण हळू. ते दाराजवळ बसले. युसुफभाई साठीचे, उंच, वर्कशॉपमध्ये मुख्य फिटर होते. त्यांनी माझी नीट विचारपूस केली आणि म्हणाले, बोला साहेब, काय बोलायचा असल तो.

मी उभा राहिलो. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

मी म्हणालो, दाऊदभाई खोटं बोलले नव्हते. समिती राहिली नाही असं त्यांना मी सांगितलं होतं. फोन करून, मुंबईहून. त्यांनी माझं ऐकलं आणि जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. वर्कशॉप बंद होणार हे त्यांना कोणीच कळवलं नव्हतं.

खोलीत शांतता झाली. इथे मी थांबून आणखी एकच वाक्य बोलायचं होतं, आणि मग ते बस म्हणेपर्यंत उभं राहायचं होतं. पण शांतता मला सोसली नाही. मी समजावू लागलो. ब्रिटन कसं बाहेर पडलं, समिती आयर्लंडला कशी गेली, जुनी समिती संपली की नाही याबद्दल तेव्हा कशी दोन मतं होती. इतर कंपन्यांची भांडणं तिथल्या कोर्टापर्यंत गेली, आणि नंतर कोर्टाने सांगितलं की जुन्या समित्या इंग्लंडच्या कायद्याखाली चालूच राहतात. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन समित्या, एक इकडची, एक तिकडची. पाहुण्याची खुर्ची जुन्यात होती, नव्यात नव्हती. मला हे सगळं छान समजावता येतं. नोकरीभर तेच तर केलं. माणसं मान डोलवू लागली.

आमच्या काठाचा एक सुतार म्हणाला, "म्हणजे साहेबांचा कायदा आमच्या तरीसारखा. ह्या काठाला विचारा, तर म्हणणार त्या काठाला गेलीय. त्या काठाला विचारा, तर ह्या."

सगळे हसले. दाऊदभाईही थोडे हसले. खोलीतला ताण सैल झाला, आणि मलाही बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

तेवढ्यात युसुफभाईंनी विचारलं. आवाज चढवून नाही, सहज. "साळवीसाहेब, तुमाला तवा म्हायत होता काय, समिती हाय म्हणून?"

मी म्हणालो, "तेव्हा नक्की असं कोणालाच माहीत नव्हतं."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून निघालं. वकिलालाही नक्की माहीत नव्हतं. तो म्हणाला होता, जिवंत आहे असं धरून चाला. मी ती मेली असं धरून चाललो, आणि ते दाऊदभाईंच्या तोंडून वदवलं. युसुफभाईंनी हे विचारलं नव्हतं. त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

युसुफभाईंनी मान हलवली आणि दाराकडे वळून म्हणाले, "दाऊद, तुझा काय चुकला नाय. त्या कायद्याचा चुकला. फुडल्या शुक्रवारी सांगावा धाडतो."

दाऊदभाई म्हणाले, "धाडा."

मग कोणीतरी त्यांना दारातून आत सरकून बसायला लावलं, सांदणांचं ताट त्यांच्यापुढे आलं, आणि युसुफभाई मुलीच्या लग्नाचे फोटो मोबाइलवर काढून त्यांना दाखवू लागले. मी खाली बसलो. मला बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

दस्मान, शनिवार

विमानतळ फरवानियाच्या अगदी जवळ आहे. महेश सोडणारच होता, पण सकाळी दाऊदभाई मालकाची गाडी घेऊन आले. म्हणाले, साहेबांना समुद्र दाखवतो आणि तसाच सोडतो. गाडी त्यांनी विमानतळाच्या उलट दिशेला घेतली.

दस्मानच्या टोकाशी समुद्राला लागून फिरायचा रस्ता आहे. धूळ बसली होती, आकाश धुतल्यासारखं होतं. ते प्रसिद्ध मनोरे, त्यांच्यावर निळ्या चकत्यांचे गोळे, आणि खाली पाणी इतकं शांत की आमच्या खाडीतही भरतीच्या वेळी यापेक्षा जास्त हलतं. कठड्यावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. आम्ही त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसलो. दाऊदभाईंनी थर्मासमधला चहा ओतला. इंग्लंडला गेलो होतो तेव्हाही ते हॉटेलातला चहा पीत नसत, स्वतःचा थर्मास भरून आणायचे, आणि समितीचे गोरे प्रतिनिधी दुपारपर्यंत त्यांच्याकडे कप घेऊन यायचे. ती आठवण त्यांनीच काढली. एकदा जर्मन प्रतिनिधीने त्यांना विचारलं होतं, तुम्हाला मत नाही तर तुम्ही एवढ्या लांब कशाला येता? त्यांनी मला मराठीत सांगितलं होतं, याला सांगा, आमाला मत नको, आमाला सांगावा पायजे. मी त्याचं इंग्रजी करताना सांगावा या शब्दापाशी अडलो होतो. दाऊदभाई हे हसत सांगत होते. मी चहाकडे बघत होतो.

गळवाल्या म्हाताऱ्याला एक लहानसा मासा लागला, तो त्याने परत पाण्यात सोडला.

दाऊदभाईंनी पेला कठड्यावर ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"साहेब, तो नारळ ठेवाया आणलेलाव काय?"

इतक्या सरळपणे कोणी दार उघडून उभं राहत नाही. बैठक नव्हती, युसुफभाई नव्हते, कायदा विचारायला कोणी नव्हतं. खाडीच्या दोन काठांची दोन म्हातारी माणसं आणि मधे एक रिकामा पेला. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही दाऊदभाई, असंच आणला. घरचा म्हणून."

त्यांनी गळवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरा केलाव. गोड होता." आणि पेला विसळून थर्मासला लावला.

गाडीत त्यांनी मला खजुराचं खोकं दिलं, गावी दोन्ही काठांना वाटायला. विमानतळावर बॅग उतरवून दिली, तोलून पाहिली, आणि आता हलकी आहे असं म्हणाले. आत जाताना मी एकदा मागे पाहिलं. ते अजून गाडीशी उभे होते. मी परत फिरू शकलो असतो. दार बंद झालं नव्हतं.

खजूर मी वाटला. पूल झाल्यापासून पलीकडच्या काठाला चालत जाता येतं. दाऊदभाईंच्या घरी त्यांच्या बायकोने विचारलं, कसे आहेत, आणि मी म्हणालो, बरे आहेत, शुक्रवारी बैठकीला जातात आता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला पाणी दिलं. तिलाही मी सांगितलं नाही.

दाऊदभाईंना वाचायला त्रास होतो, पण हे मी युसुफभाईंना पाठवतोय, आणि ते शुक्रवारी मोठ्याने वाचून दाखवतील. म्हणून शेवटी ते एक वाक्य लिहितो. यात 'का केलं' ते नाही.

दाऊदभाई, समिती जिवंत आहे हे मला फोन करतानाच माहीत होतं, आणि ती गेली असं मी तुम्हाला सांगितलं. चुकलो.